परदेशातल्या खेड्यात, कॅफेत काम करून एक हिवाळा : कुणी काढलाय का?

कावेसरची_केतकी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय २८, राहणार घोडबंदर रोड, काम ऐरोलीला आयटी पार्कात टेस्टिंगचं. जुलैच्या सोडतीत ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स स्कीमला माझं नाव लागलंय. दोन वर्षं राहता येतं, आणि व्हिसा कुठल्या एका कंपनीला बांधलेला नसतो. सगळे म्हणतायत लंडन गाठ, आयटीतच शोध. मला मात्र निदान पहिला हिवाळा स्कॉटलंडच्या उत्तरेला एखाद्या खेड्यातल्या छोट्या कॅफेत काढायचाय. सकाळी स्कोन (छोटे, गोडसर पाव) भाजायचे, दुपारी सूप वाढायचं, संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचं. स्टँडअप मीटिंग नको, मानपाड्याचा सिग्नल नको.

बाबा म्हणतात, "इंजिनिअर केली ती लोकांच्या कपबश्या विसळायला का?" आई काहीच म्हणत नाही, ते जास्त जड जातंय.

कुणी असं केलंय का? तिथे खरंच शांत असतं का? पैसे सुटतात की पदरचे जातात? आणि परत आल्यावर नोकरीच्या मुलाखतीत काय सांगितलंत?

टवाळ_तलावपाळी

कपबश्याच विसळायच्या असतील तर आमच्याकडे ये, वर चहा फुकट. हलके घ्या.

पण सोडत खरंच लागली? अभिनंदन! आमची म्हाडाची दर वर्षी हुकते.

सुलभा_नौपाडा

केतकी, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून बोलते, राग मानू नकोस. हौस समजते गं. पण मुलगी एकटी, खेडेगाव, चार वाजता अंधार. आजारी पडलीस तर कोण बघणार? तिथल्या कुणाचा फोन नंबर घरी देऊन ठेव. आणि शाकाहारी आहेस का? ते आधी सांग.

कावेसरची_केतकी

@टवाळ, चहाची ऑफर नोंदवून ठेवली आहे.

@सुलभाताई, राग कसला? अंडं खाते, बाकी शाकाहारी. का विचारलंत?

सुलभा_नौपाडा

अगं, तिथे सकाळच्या न्याहारीला डुकराचं मांस भाजतात म्हणे. ते तुलाच भाजावं लागणार ना?

रानवाटा_वाशी

धागा वर आला म्हणून लिहितोय. मी २०२३ मध्ये ही स्कीम सुरू झाली तेव्हाच्या सोडतींमधला. २०२३-२४चा हिवाळा उलापूलच्या बऱ्याच पुढे, वायव्य किनाऱ्यावरच्या एका कॅफेत काढला. गावाचं नाव देत नाही. तिथे माणसं इतकी कमी की मालकीणबाईंना लगेच कळेल.

आधी सुलभाताईंचा प्रश्न, कारण तोच सगळ्यांत व्यवहाराचा आहे. हो, भाजावं लागतं. हिवाळ्यात पर्यटक नसतात, सकाळी येतात ते रस्त्यावर काम करणारे, पोस्टाची गाडी, जंगलखात्याची माणसं. त्यांना बेकन रोल आणि चहा लागतो. हात लावायला चालणार नसेल तर मुलाखतीतच सांगायचं. माझ्याबरोबरची मुलगी व्हीगन होती, ती फक्त बेकिंग आणि काउंटर बघायची. मालकीणबाईंना काही अडचण नव्हती, पण त्यांना ते नोव्हेंबरात कळलं असतं तर आली असती.

आता शांततेबद्दल. तो किनारा नॉर्थ कोस्ट ५०० नावाच्या वाटेवर आहे, ५१६ मैलांचा फेरा. २०१५ मध्ये त्याची जाहिरात सुरू झाली आणि तेव्हापासून उन्हाळ्यात कॅम्परव्हॅनची रांग लागते. रस्ता एकेरी, समोरून गाडी आली की पुढच्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची आणि दोघांनीही हात वर करायचा. ऑक्टोबर संपला की हे सगळं आटतं. बरीचशी कॅफे सरळ दारं लावून घेतात, मार्च-एप्रिलपर्यंत. त्यामुळे केतकी, तुझा पहिला प्रश्न 'शांत असतं का' हा नकोच, 'उघडं असतं का' हा हवा. आमचं गुरुवार ते रविवार चालायचं, दहा ते तीन. जानेवारीत तीन आठवडे पूर्ण बंद होतं. त्या तीन आठवड्यांचा पगार? शून्य. करारात 'झीरो अवर्स' लिहिलेलं असतं, म्हणजे काम असेल तेवढेच तास. हे लिहून घे, विचारून घे.

अंधाराचं सांगतो. डिसेंबरच्या शेवटी इन्व्हर्नेसला सूर्य नवाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. आपल्याकडचा सगळ्यांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, तिथे साडेसहा. तेही सूर्य दिसला तर. कॅफे बंद करून, फरशी पुसून बाहेर आलो की मिट्ट काळोख. पहिले दोन आठवडे मी आनंदात होतो, पुस्तकं वाचली, आकाशात उत्तरेचा हिरवा प्रकाश पाहिला. डिसेंबरच्या मध्यावर लक्षात आलं की मी दिवसभरात चार वाक्यं बोलतोय आणि ती चारही हवेबद्दल आहेत. तिथल्या सरकारचाच सल्ला आहे की ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. घ्यायची, विसरायची नाही.

पण काम मला आवडलं, तेही सांगतो. सकाळी आठला जाऊन चूल पेटवायची, लाकडाची असते, लोखंडी डब्यातली. मग सूप. डाळीचं, गाजराचं, किंवा कलन स्किंक म्हणजे धुरावलेला मासा, बटाटा आणि दूध. वास अंगाला चिकटतो. स्कोन दोन वाजेपर्यंत संपले पाहिजेत आणि सव्वादोनला आलेला माणूस हळहळला पाहिजे, हे मालकीणबाईंचं गणित. वादळात वीज गेली की कॉफी मशीन बंद, पण गॅसवर सूप चालू. अशा दिवशी कधी नव्हे ती गर्दी व्हायची, कारण गावात बाकी कुणाकडे गरम काही नसायचं.

बाकी प्रश्नांना दुसरा प्रतिसाद देतो, हा फार लांबला.

पारसिकचा_बोगदा

स्कॉटलंडात उणे २७.२ अंश तापमान नोंदलेलं आहे. ब्रेमार, १८९५ आणि पुन्हा १९८२. अल्टनाहारा, डिसेंबर १९९५. ठाण्यात पारा १५ ला आला की आपण कानटोप्या काढतो. विचार करा.

रानवाटा_वाशी

@बोगदा, आकडे बरोबर, पण ती गावं आतल्या भागातली, दरीतली. पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकची ऊब असते, दिवसा पारा सहसा शून्याच्या वरच राहतो. तिथे थंडी नाही मारत, वारा आणि पाऊस मारतो. आपला जुलै घ्या, त्यातून वीस अंश वजा करा आणि पाऊस आडवा करा.

रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांना तिथे नावं आहेत आणि त्या कुठे फिरतायत ते नकाशावर थेट दिसतं. एकीचं नाव 'ग्रिटनी स्पिअर्स'. खोटं वाटेल तर शोधा. संध्याकाळी आम्ही तेच बघत बसायचो.

टवाळ_तलावपाळी

आपल्याकडे खड्डे बुजवणाऱ्या गाडीचा असा नकाशा केला तर टिंब हललेलं दिसायचं नाही.

कोपरीचा_किरण

थोडं कडू लिहितो.

हॉटेलात टेबल पुसणाऱ्या मुलाला आपण 'ए छोटू' म्हणतो. कामवाल्या मावशींनी रविवारी सुट्टी मागितली की कपाळाला आठ्या. केतकीच्या बाबांनी तिला स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलात सहा महिने वेटर म्हणून पाठवलं असतं का? नाही. तेच काम स्कॉटलंडात केलं की तो 'अनुभव' होतो, त्यावर धागा निघतो, लोक अभिनंदन करतात. परतीचं तिकीट खिशात असताना भांडी घासणं आणि त्यावर पोट असताना भांडी घासणं यांत फरक आहे. शांत हिवाळा ही चैन आहे. करा, जरूर करा, पण चैन म्हणूनच करा.

नंदिनी_शेणॉय_नेरूळ

किरण, अर्धं पटलं.

माझे वडील कुंदापूरकडून वयाच्या चौदाव्या वर्षी ठाण्याला आले. उडुपी हॉटेलात आधी टेबल पुसलं, मग पाणी, मग ऑर्डर, शेवटी गल्ला. रात्री हॉटेल बंद झालं की त्याच टेबलांवर चादर टाकून झोपायचे. तिथे शांतता नव्हती, पहाटे साडेचारला इडलीचा घाणा सुरू व्हायचा. पण अप्पा त्या दिवसांबद्दल कधी रडगाणं गायले नाहीत. उलट सहा ग्लास एका हातात कसे धरायचे हे आम्हाला लग्नाकार्यांत अभिमानाने दाखवायचे.

तेव्हा केतकीने जाऊ नये असं मला वाटत नाही. तिने जावं आणि परत आल्यावर ठाण्याच्या हॉटेलातल्या मुलाशी कशी बोलते ते आपण बघू.

कावेसरची_केतकी

@किरण, चैन आहे हे मान्य. सात वर्षं पगारातून साठवलेल्या पैशांची चैन आहे, इतकंच म्हणेन.

@नंदिनीताई, सहा ग्लासांचा व्हिडिओ मिळेल का?

नंदिनी_शेणॉय_नेरूळ

अप्पा आता ८१ वर्षांचे आहेत. चार ग्लासांचा मिळेल.

सीए_गोखले_रोड

पैशांचा प्रश्न कुणीच घेतला नाही, मी घेतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात २१ वर्षांवरच्यांना किमान वेतन तासाला १२.२१ पौंड. कॅफे आठवड्याला २५ तास देईल असं धरू (रानवाटांचं वाचून ३० धरायला धजत नाही). झाले ३०५ पौंड. आठवड्याला २४२ पौंडांच्या वर ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता), म्हणजे पाचेक पौंड. आयकर वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत नाही, आणि आर्थिक वर्ष तिथे ६ एप्रिलला सुरू होतं. नोव्हेंबरात रुजू झालीस तर मार्चपर्यंत तेवढी कमाई होणारच नाही. टॅक्स कोड चुकीचा लागून कापला गेला तर परत मागता येतो.

मालकाने राहायला खोली दिली तर किमान वेतनाच्या हिशेबात तो दिवसाला जास्तीत जास्त १०.६६ पौंड (२०२५-२६चा दर) धरू शकतो, आठवड्याला साधारण ७५. यापेक्षा जास्त भाडं कापलं आणि हातात किमान वेतनापेक्षा कमी पडलं, तर ते बेकायदा. हा मुद्दा पाठ कर.

उरले २२५. खाणं, फोन, अधूनमधून इन्व्हर्नेसची फेरी. महिन्याला पाच-सहाशे पौंड मागे पडतील, काटकसर केली तर.

आता दुसरी बाजू. व्हिसाची फी तीनशेच्या वर. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, दोन्ही वर्षांचा एकदम, म्हणजे १,५५२ पौंड आधीच भरायचे. क्षयरोगाची तपासणी, तिकीट, गरम कपडे वेगळे. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसले पाहिजेत, ते खर्चायचे नाहीत, दाखवायचे आहेत. थोडक्यात, हिवाळाभर कॅफेत काम करून तू जाण्याचा खर्च जेमतेम भरून काढशील. नफा शून्य. नुकसानही फारसं नाही. पण त्या सहा महिन्यांत ऐरोलीचा पगार गेला, तो या हिशेबात मी धरलेला नाही, तुझ्या बाबांनी धरला असणार.

वैतागलेला_विक्रोळीकर

आम्ही विक्रोळीकर इथे पाहुणे, पण एक सांगतो. ज्यांची सोडत लागली नाही त्यांनी 'काम करा, राहणं-खाणं फुकट' वाल्या साइटवरून टुरिस्ट व्हिसावर जायचा विचार करू नये. पगार नसला तरी खोलीच्या बदल्यात केलेलं काम हे कामच धरतात. माझ्या मित्राला विमानतळावर विचारलं, कुठे राहणार? त्याने भाबडेपणाने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत.

आणि सोडतीचा फॉर्म सरकारी साइटवर फुकट भरता येतो. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

जिंदाबाईनची_जुई

माझा अनुभव ऑस्ट्रेलियाचा. तिथे भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा (४६२) व्यापार करारातून आला, वर्षाला फक्त १,००० जागा, वय १८ ते ३०. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली, २५ डॉलर भरून नाव घालायचं. माझं लागलं.

गंमत अशी की तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. म्हणजे ठाण्यात सबवेत पाणी भरतं तेव्हा तुम्ही शेकोटीपाशी. मला वाटलं होतं, बर्फातलं गाव म्हणजे शांतता. जिंदाबाईन हे स्कीइंगच्या डोंगरांचं पायथ्याचं गाव आहे, तिथे हिवाळा हाच सीझन! सकाळी सहाला रांग, सगळे मोठाल्या बुटांत, सगळ्यांना फ्लॅट व्हाइट (दुधाची कॉफी), सगळ्यांना घाई. दादरचा पूल परवडला. शांत हिवाळा हवा असेल तर समुद्रकाठचं गाव बघा, बर्फातलं नको. पुढे मी व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याला गेले, तिथे दिवसाला वीस गिऱ्हाइकं आली तर मालक खूश.

पण तिथे दुसराच फास. त्या व्हिसावर दुसरं वर्ष हवं असेल तर ठरावीक भागांत ठरावीक कामं तीन महिने करावी लागतात. कॅफेचं काम धरतात ते उत्तरेकडे आणि दुर्गम भागांत. माझ्या निवांत किनाऱ्यावरचं धरत नव्हते. मग शेतात.

आणखी एक, पहिल्या कॅफेत 'ट्रायल शिफ्ट' म्हणून दोन दिवस फुकट राबवून घेतलं. दोन-तीन कप बनवून दाखवणं वेगळं, अख्खी शिफ्ट वेगळी. केतकी, स्कॉटलंडातही हे विचारून घे.

मिसळप्रेमी_मुलुंड

अवांतर: कॅफे कॅफे काय लावलंय? मामलेदारच्या मिसळीसमोर स्कोन म्हणजे काय हो, कोरडा पावच ना?

टवाळ_तलावपाळी

मुलुंडकरांनी ठाण्याच्या मिसळीवर बोलायला हरकत नाही, पण आधी टोल भरावा. (बंद झाला, माहितीये. आठवण म्हणून.)

पारसिकचा_बोगदा

छोट्या गाड्यांचा बंद झाला, ऑक्टोबर २०२४. टेम्पोने येत असाल तर भरा.

काळी_कॉफी_सीवूड्स

धागा मिसळीत बुडायच्या आत लिहून घेतो. सीवूड्सला माझा छोटा कॅफे आहे, सहा टेबलं.

केतकी, तू लिहिलंस त्यात कॉफी कुठेच नाही. सूप, स्कोन, पुस्तक. खेड्यातला मालक हिवाळ्यात एकच माणूस ठेवतो, त्याला सगळं यावं लागतं. दळण किती बारीक, हे हवेवर बदलतं. आपल्याकडे पावसाळ्यात मी दिवसातून दोनदा ग्राइंडर हलवतो. १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी उतरली पाहिजे. पंधरा सेकंदांत उतरली तर आंबट पाणी, पन्नासला कडू काढा. दूध ६०-६५ अंशांच्या पुढे गेलं की त्याचा गोडवा मेला. वाफेची नळी प्रत्येक वेळी पुसायची, नाहीतर दूध आत चढतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतं. रात्री मशीनमधून पाणी उलटं फिरवून ते धुवायचं. आणि यातलं काही करताना समोरच्या आजोबांशी हसून बोलायचं.

शनिवार-रविवार ये माझ्याकडे, महिनाभर. शिकवतो. पगार देईन, फुकट राबवणार नाही (जुई, वाचतेयस ना). एक अट: शेवटचा तास भांडी आणि फरशी तुझी.

कावेसरची_केतकी

खरंच??? या शनिवारी येते. पत्ता विपूत (माझ्या विचारपूस पानावर) पाठवा.

एचआरवाली_महापे

मुलाखतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी भरतीचंच काम करते. रेझ्युमेत सहा-आठ महिन्यांचं अंतर हल्ली फार विचित्र दिसत नाही. लपवलेलं अंतर दिसतं. सरळ लिही, कॅफे, स्कॉटलंड, अमुक ते अमुक. मुलाखत घेणारा दहा मिनिटं त्यावरच बोलेल, त्यातली आठ त्याच्या स्वतःच्या स्वप्नांबद्दल असतील.

मात्र 'मला टीमवर्क शिकायला मिळालं' असलं काही लिहू नकोस, डोळे मिटतात वाचताना. टेस्टिंगमध्ये टूल्स भराभर बदलतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी हात चालू ठेव. आणि राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मिळते का विचार. 'नाही'च म्हणतील, पण विचार.

सुलभा_नौपाडा

केतकी, खायचं काय नेणार? तूप नक्की ने, थंडीत लागतं.

रानवाटा_वाशी

सुलभाताई, तूप नेता येत नाही. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. मेतकूट, गोडा मसाला, चकली, लाडू बिनतुपाचे. तूप तिथे इन्व्हर्नेसच्या मोठ्या दुकानांत मिळतं, किंवा बटर कढवायचं.

आणि ज्या गोष्टी इथे लक्षातही येत नाहीत त्या तिथे कायद्यात आहेत. ॲलर्जीच्या १४ पदार्थांची यादी भिंतीवर असते, प्रत्येक पदार्थात काय आहे ते सांगता आलं पाहिजे. मोहरी आणि तीळ दोन्ही त्या यादीत. संक्रांतीचा तिळगूळ मी कॅफे पुन्हा उघडल्यावर मालकीणबाईंना विचारून केला, तर आधी काउंटरवर पाटी लावावी लागली, 'यात तीळ आहेत'. मग सगळ्यांनी गोड बोलत खाल्ला.

गाडीबद्दल राहिलं. बस दिवसाला एखादी, रविवारी नाहीच. भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने साधी गाडी चालवता येते आणि बाजूही आपलीच, डावी. मालकाची जुनी गाडी वापरायला मिळेल का, विमा कोण भरणार, हे विचार. गाडी नसेल तर शांतता नाही, कोंडी आहे.

एकटेपणावर मला सापडलेला उपाय: गावच्या हॉलमध्ये जे काही चालतं त्याला जायचं. विणकाम असो, प्रश्नमंजुषा असो. २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाने जेवण असतं, तिथे मला वाढायला उभं केलं. आणि ३१ डिसेंबरला तर मी गावात सगळ्यांत मागणी असलेला माणूस होतो! तिथे समजूत अशी की मध्यरात्रीनंतर उंबऱ्यातून पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाने टाकलं तर वर्ष चांगलं जातं, हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की घेऊन. गावात बाकी सगळे भुरे नाहीतर पिकलेले. मला घरोघरी फिरवलं. पहाटे चार वाजता कुणाच्या तरी सोफ्यावर झोपलो. एक आणि दोन जानेवारी दोन्ही सुट्ट्या असतात तिथे, का ते तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत दिवस रोज चार-पाच मिनिटांनी वाढतो. ते अंगाला जाणवतं. त्या आधी परत पळायचा निर्णय घेऊ नकोस.

कोपरीचा_किरण

काळे केस असूनही मला इथे कुणी पहिला बोलवत नाही. स्कीमचं वय उलटलंय, नाहीतर तेवढ्यासाठी गेलो असतो.

कावेसरची_केतकी

अपडेट देते.

सीवूड्सला तीन वीकेंड झाले. पहिल्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या की पाम बीच रोडने घरी येताना रिक्षात बूट काढले. दूध आता जमतंय, कॉफीचा शॉट अजून कधी भसकन उतरतो कधी अडतो. शेवटच्या तासातली फरशी मला आवडते हे कुणाला सांगू नका. एक गोष्ट कळली, गिऱ्हाइक नसतं तेव्हासुद्धा बसायचं नसतं, काहीतरी पुसायचं असतं. तेव्हा पुस्तकाचं स्वप्न संध्याकाळवर ढकललंय.

मागच्या रविवारी आई-बाबा न सांगता आले. मी दोघांना कॅपुचिनो दिली. बाबांनी कप संपवला, मग शेजारच्या टेबलावरचे रिकामे कप स्वतःच उचलून काउंटरवर आणून ठेवले. बोलले काहीच नाहीत.

चार ठिकाणी मेल केले होते. दोघांनी कळवलं हिवाळ्यात बंद. एकीने उत्तरच दिलं नाही. चौथ्या कॅफेशी परवा व्हिडिओवर बोलणं झालं. हा सदरलंडमध्ये आहे, गुरुवार ते सोमवार उघडा, जानेवारीत दहा दिवस बंद. तुम्हा सगळ्यांचे प्रश्न वहीत लिहून घेतले होते ते विचारले: तास, बंदचे दिवस, खोलीचे पैसे, गाडी, ट्रायल, बेकन. बाई हसल्या, म्हणाल्या इतके प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारले. खोली कॅफेच्या वर आहे, दिवसाला १० पौंड कापतील. बेकन त्यांचा नवरा भाजेल. बाबा शेजारी बसले होते, कॅमेऱ्याच्या बाहेर. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'हीटिंग?' ते विचारायचं मी विसरलेच होते. खोलीच्या पैशांत धरलेलं आहे.

व्हिसाचा अर्ज ९० दिवसांच्या मुदतीत भरायचा असतो, तो या आठवड्यात भरतेय. डिग्रीचा दाखला कॉलेजातून यायचाय, तेवढंच अडलंय.

आता बुटांचं सांगा. ठाण्यात घेऊ का तिथे?

सीए_गोखले_रोड

२,५३० पौंडांचे २८ दिवस पूर्ण झालेत ना? त्या दिवसांत एकदाही खाली जाऊ देऊ नकोस, एफडी मोडायची असेल तर आत्ताच मोड.

जिंदाबाईनची_जुई

कॅफेच्या आतले बूट इथून ने, न घसरणारे, काळे, एक नंबर मोठे. मोजे जाड असतात.

रानवाटा_वाशी

बाहेरचे तिथेच घे. इन्व्हर्नेसला शेतकी सामानाच्या दुकानात गुडघ्यापर्यंतचे रबरी मिळतात, गावात सगळे तेच घालतात, चर्चलासुद्धा. ट्रेकिंगचे महागडे इथून नेऊ नकोस, चिखलात दोन महिने टिकले नाहीत माझे. आणि हेडलॅम्प ने, कॅफेपासून खोलीपर्यंत जिना बाहेरून असेल तर लागेल.